पन्नास किलोंच्या आतली माणसं

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे दशांशबाई म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावरच. वय विचारलं तर 'साडेसत्तेचाळीस' म्हणणार, चहात साखर 'पाऊण चमचा' सांगणार, आणि कुणी अहवालात 'सुमारे बारा टक्के' असं लिहिलं की त्यांची पेन्सिल तिथे येऊन अडलीच म्हणून समजा. "सुमारे म्हणजे किती? अकरा पूर्णांक सहा की बारा पूर्णांक चार? या दोघांच्या मध्ये पन्नास माणसं उभी आहेत हो, लेखकमहाशय!"

लेखकमहाशय म्हणजे मी. नवी औषधं बाजारात येण्याआधी माणसांवर तपासून देणारी आमची कंपनी. त्या तपासण्यांचे अहवाल लिहिणं हे माझं काम, आणि तपासणी कशी करायची, किती माणसांवर करायची, हे गणिताने ठरवणं हे बाईंचं. चौदा वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती. त्यामुळे जे सांगतोय त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि उरलेलं त्यांनीच मला सांगितलेलं आहे.

बाईंनी लग्न केलं नाही. आई लहानपणीच गेली. अकरा वर्षांनी मोठ्या बहिणीने, त्यांच्या ताईने, सातवीत शाळा सोडून कपड्यांच्या कारखान्यात शिलाईचं काम धरलं आणि धाकटीला शिकवलं. ताई अंगाने अगदी काडी. बेचाळीस किलो वजन, पण आवाज असा की शिलाई यंत्रांच्या खडखडाटातही शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. बाईंच्या घरापासून दोन गल्ल्यांवर दोन खोल्यांत राहायच्या आणि अजूनही बाईंना 'धाकटे' अशीच हाक मारायच्या. "संसार संसार म्हणतात तो म्हणजे माझी ताई," बाई म्हणायच्या. "सासूही तीच, नवराही तीच, पोरही तीच."

बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मोठं काम आलं. हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्यांच्या रक्तात गाठ होते, ती मेंदूत गेली की झटका येतो, अर्धं अंग लुळं पडतं. हे टाळण्यासाठी रक्त पातळ ठेवणारी एक नवी गोळी होती. ती जगाच्या पाच विभागांत एकाच वेळी तपासायची होती. माणसं सहा हजार. निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना जुनी.

पूर्वी असं नव्हतं. औषध आधी दुसरीकडे तपासलं जायचं, तिकडे विकलं जायचं, आणि आपल्याकडे पुन्हा वेगळी चाचणी होऊन यायला पाच-सात वर्षं लागायची. आता सगळीकडे एकदमच. पण त्यात एक गोम असते. सहा हजारांचा मिळून निकाल चांगला लागला, तरी तो आपल्या माणसांनाही लागू पडतो हे कशावरून? त्यासाठी आपल्याकडची पुरेशी माणसं त्यात हवीत. पुरेशी म्हणजे किती, ते बाईंनी काढायचं.

त्यांनी तीन आठवडे घेतले आणि आकडा काढला: तेराशे चाळीस.

आमचे विभागप्रमुख वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांचे वडील झटका येऊन सहा वर्षं अंथरुणाला खिळून होते. ही गोळी लवकर यावी असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"तेराशे चाळीस?" ते म्हणाले. "बाई, एवढी माणसं गोळा करायची तर आपल्याकडे आणखी चौदा महिने लागतील."

"लागतील, सर."

"आणि या चौदा महिन्यांत ज्यांना झटके येतील, त्यांना काय सांगायचं? आमच्या बाईंचं गणित पुरं व्हायचं होतं म्हणून?"

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "शेजारचा विभाग आणि आपला, दोन्ही मिळून एकच धरला तर? आपले तीनशे दहा, त्यांचे एक हजार चाळीस. नियमात बसतं ना?"

"बसतं. पण दोन्हीकडची माणसं औषधाच्या दृष्टीने सारखी आहेत, हे दाखवावं लागतं."

"मग दाखवा की."

तिथे माझा प्रवेश होतो. बाईंकडे दोन्ही भागांची सरासरी वजनं होती. आपल्याकडे सत्तावन्न पूर्णांक तीन किलो, शेजारी एकोणसत्तर पूर्णांक आठ. ही गोळी मूत्रपिंडातून बाहेर पडते. बारीक माणसाच्या अंगात ती जास्त साठून राहील आणि रक्त गरजेपेक्षा पातळ होईल, ही शंका त्यांना होतीच. त्यांनी आराखड्याच्या मसुद्यात लिहिलं होतं: 'दोन्ही गटांच्या वजनात फरक आहे. त्याचा परिणाम काय होईल ते माहीत नाही.'

साहेब म्हणाले, "हे असं लिहिलं तर सरकारी खात्याकडून पहिल्याच फटक्यात परत येईल. लेखक, जरा नीट करा."

मी नीट केलं. मी लिहिलं: 'वजनातील फरक महत्त्वाचा असल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही.'

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पुरावा नव्हताच, कारण तो कुणी शोधलाच नव्हता. बाईंनी वाक्य दोनदा वाचलं. पेन्सिल कागदावर आली, थोडी रेंगाळली आणि बाजूला झाली. मग त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. माझी सही त्या कागदावर कुठेच नव्हती. लेखकाची नसते.

निकाल उत्तम लागला. झटके कमी, रक्तस्रावही जुन्या गोळीपेक्षा थोडा कमीच. ऑफिसात केक कापला. त्या गडबडीतही बाई तक्ते चाळत बसल्या होत्या. मी डोकावलो. आपल्या भागातल्या पन्नास किलोंच्या आतल्या माणसांचा तक्ता होता. नवी गोळी घेणारे एकसष्ट, त्यातल्या पाच जणांना मोठा रक्तस्राव. जुनी घेणारे अठ्ठावन्न, त्यातले दोन.

"पाच आणि दोन," मी म्हटलं. "काही विशेष?"

"पाच आणि दोन हे नाणं उडवूनही येतं," त्या म्हणाल्या आणि समासात लिहिलं: 'संख्या लहान. निष्कर्ष काढता येत नाही.' मी ते जसंच्या तसं अहवालात घेतलं. गोळीला परवानगी मिळाली.

पुढे दीड वर्षाने ताईंना धडधडायला लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी तीच गोळी लिहून दिली. ताई चिठ्ठी घेऊन सरळ धाकटीकडे आल्या. "ही ती तुझीच ना गं? घेऊ ना?"

"डोळे झाकून घे," बाई म्हणाल्या. "सहा हजार माणसांवर पाहिलीय मी."

"बघा, आमची धाकटी जगाला औषध देते!" ताईंनी दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना ती चिठ्ठी दाखवली.

पुढे बाईंनीच मला सांगितलं, की त्या क्षणी ताईंचं वजन त्यांच्या मनात आलं होतं. तो तक्ताही आठवला होता. "आणि मी स्वतःला तेच सांगितलं, जे समासात लिहिलं होतं. आपलंच वाक्य किती उपयोगी पडतं बघा."

पाच महिन्यांनी, सकाळची पाळी चालू असताना ताईंच्या हातून कात्री निसटली. त्यांनी वाकून उचलायला घेतली, तर बोटं मिटेचनात. शेजारची बाई काही विचारायला लागली, तर ताईंच्या तोंडून धड शब्द फुटेना. कारखान्याच्या गाडीतूनच त्यांना इस्पितळात नेलं. बाई धावत पोचल्या तेव्हा डोक्याचे फोटो काढून झाले होते.

"मेंदूत रक्तस्राव आहे," तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फार मोठा नाही. रक्त पातळ करायची कोणती गोळी चालू होती का?"

बाईंनी पिशवीतून पाकीट काढून दिलं.

"आणि वजन किती यांचं?"

"बेचाळीस."

डॉक्टरीणबाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "चांगलं औषध आहे. पण अशा बारीक पेशंटना मी बिचकतच देते. गेल्या सहा महिन्यांतली ही माझी तिसरी केस. आता तिघांवरून काही सिद्ध होत नाही म्हणा."

हे वाक्य बाई वीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवत आल्या होत्या. त्या बाहेर बाकावर येऊन बसल्या. मी तिथे पोचलो तेव्हा त्या हातरुमालाची घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

"बाई, कुणालाही होऊ शकलं असतं," मी म्हटलं. "जुन्या गोळीनेही होतंच की."

"माहीत आहे. ताईला गोळीमुळे झालं की आपोआप, हे मला कधीच कळणार नाही. एका माणसाचं ते कळतच नसतं." त्यांनी रुमाल पुन्हा उलगडला. "पण एकसष्टांऐवजी तीनशे असते, तर निदान एवढं कळलं असतं की तिच्यासारख्यांना ती द्यावी की नाही. संख्या लहान होती म्हणून निष्कर्ष निघाला नाही. आणि संख्या लहान का होती? मी लहान ठेवली म्हणून. मीच दिवा विझवायचा आणि मीच म्हणायचं, काही दिसत नाही बुवा!"

मी माझ्या वाक्याबद्दल काहीतरी बोलायला हवं होतं. मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेलो.

ताई वाचल्या. महिन्याभराने बोलणं बऱ्यापैकी परत आलं, पण उजव्या हाताची तीन बोटं बधिरच राहिली. बाईंनी त्यांना आपल्या घरी आणलं. सकाळ-संध्याकाळ रबरी चेंडू दाबायचा व्यायाम असायचा. आल्यागेल्याला ताई सांगायच्या, "धाकटीच्या गोळीने वाचले. नाहीतर पुरता झटकाच आला असता!"

हे वाक्य बाईंना सोसवेना. एका दुपारी त्यांनी ताईंच्या हातातला चेंडू काढून घेतला आणि समोर बसून सगळं सांगितलं. तेराशे चाळीस, तीनशे दहा, दोन भागांची मोट, एकसष्ट जणांचा तक्ता. ताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे जाडजूड माणसांचं माप घेऊन आमचे कपडे बेतलेत."

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"शंका होती."

"मग मी चिठ्ठी घेऊन आले, तेव्हा का नाही बोललीस? डॉक्टरांना एकदा विचार म्हणाली असतीस. एवढंच."

बाईंनी हातातला चेंडू खाली ठेवला. "कारण तुला शंका सांगितली असती, तर इतरांना का सांगितली नाही हे मला स्वतःला विचारावं लागलं असतं."

ताई उठल्या, डाव्या हाताने कपडे पिशवीत भरले आणि आपल्या घरी निघून गेल्या. पुढचे सात आठवडे बाई रोज डबा घेऊन जायच्या. ताई दार उघडायच्या, डबा घ्यायच्या, कालचा रिकामा डबा हातात द्यायच्या आणि दार लावून घ्यायच्या. घासलेला असायचा. डाव्या हाताने घासलेला, म्हणून कडांना तेल राहिलेलं असायचं. ते तेल पुसताना आपल्याला रडू यायचं, असं बाईंनी एकदाच सांगितलं आणि लगेच विषय बदलला.

त्याच सात आठवड्यांत त्यांनी औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला अकरा पानांचं पत्र लिहिलं. पहिला आकडा काय निघाला होता, तो का कमी केला, दोन भाग कशाच्या आधारावर एक धरले आणि तो आधार किती कच्चा होता. सोबत स्वतःच्या सहीचा कागद जोडला. पाठवायच्या आधी एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेब वाचून पांढरे पडले. "बाई, तुम्ही स्वतःच्याच सहीवर बोट ठेवताय."

"हो, सर. दुसऱ्या कुणाच्या सहीवर ठेवायचा मला हक्क नाही."

"माझं नावही नाही यात."

"तुम्ही सुचवलंत. ठरवलं मी. गणित तुम्हाला येत नाही, मला येतं."

त्यांना कामावरून काढलं नाही, पण नव्या चाचण्या काढून घेतल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर दुसऱ्यांचे तक्ते तपासायला बसवलं. जेवायच्या सुट्टीत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. मीही दोन-तीनदा उगाच दुसरीकडे बसलो. हेही सांगायलाच हवं.

तीन महिन्यांनी खात्याने सुनावणी ठेवली. कागदपत्रं माझ्याकडे होती, म्हणून मलाही जावं लागलं. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, समोर तीन अधिकारी. मधल्या अधिकारी बाईंनी चष्मा वर सरकवला आणि आमचं वाक्य मोठ्याने वाचलं: "'वजनातील फरक महत्त्वाचा असल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही.' हे वाक्य कुणाचं?"

मी समोरच्या ग्लासकडे पाहत राहिलो. पाणी काठोकाठ भरलेलं होतं.

"सही माझी आहे," दशांशबाई म्हणाल्या. "वाक्यही माझंच धरा."

बाहेर जिन्यात मी त्यांना गाठलं. "बाई, तुम्ही असं का..."

"तुम्हाला नोकरी आहे, दोन मुली शिकतायत. आणि मी सही करताना कुणी माझा हात धरला नव्हता." दोन पायऱ्या उतरून त्या वळल्या. "पण पुढच्या वेळी तहान लागली नसेल, तर ग्लासकडे एवढं बघू नका. लक्षात येतं."

खात्याने हुकूम काढला: आपल्या भागातल्या पन्नास किलोंच्या आतल्या माणसांवर वेगळी चाचणी करा. निम्म्यांना पूर्ण गोळी, निम्म्यांना अर्धी. आता या चाचणीची आखणी कोण करणार? साहेबांनी चार दिवस इकडेतिकडे विचारलं आणि पाचव्या दिवशी त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "तुम्हीच करा," ते म्हणाले. "आणि आकडा जो निघेल तो निघू दे."

अकराशे साठ निघाला. एकही माणूस कमी झाला नाही. अडीच वर्षं लागली. पूर्ण गोळी घेणाऱ्या पाचशे ऐंशींपैकी चौतीस जणांना मोठा रक्तस्राव झाला, अर्धी घेणाऱ्या तेवढ्याच माणसांत एकोणीस जणांना. झटके दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, बारा आणि अकरा. पाकिटातल्या माहितीपत्रकात एक ओळ नव्याने आली: पन्नास किलोंच्या आत वजन असेल तर अर्धी मात्रा द्यावी.

मी अभिनंदन करायला गेलो. बाईंनी तक्ता माझ्यापुढे सरकवला. "चौतीसमधून एकोणीस गेले की पंधरा उरतात. ही पंधरा माणसं, लेखकमहाशय, पहिल्याच वेळी नीट पाहिलं असतं तर या चाचणीत आलीच नसती. आणि परवानगी मिळाल्यापासून आजपर्यंत बाहेर ज्यांनी पूर्ण गोळी घेतली, त्यांची तर मोजदादच नाही."

"पण उशिरा का होईना, तुम्ही शोधलंत."

"शोधलं म्हणू नका. मीच हरवलं होतं."

ताईंशी पुन्हा बोलणं सुरू झालं ते कुठल्या माफीने नाही. आठव्या आठवड्यात ताईंनी डबा घेतला आणि दार लावलंच नाही, एवढंच. बाई आत गेल्या. ताई म्हणाल्या, "भाजीत मीठ घालत जा. रागावलेल्या माणसालाही चव कळते." बाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि भडाभडा रडल्या. ताईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "मी माफ केलं असं मी म्हणणार नाही, धाकटे. माझ्या एकटीचं असतं तर तेव्हाच केलं असतं. पण माझ्यासारख्या किती असतील, त्यांच्या वतीने मी कशी बोलू? तू तुझं काम कर." तोवर ते पत्र पाठवलेलं होतं, पण ते बाईंनी त्या दिवशी सांगितलं नाही. सांगितलं तर दाद मागितल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं.

ताईंना पुन्हा शिवता आलं नाही. कारखान्याने त्यांना नव्या मुलींना बेतणं शिकवायला ठेवलं. खुर्चीत बसून तोंडानेच शिकवायच्या. मुली म्हणायच्या, हात चालत होता तेव्हा या एवढ्या ओरडत नव्हत्या.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. दोघी बहिणी आता एकत्रच राहतात. बाई एका इस्पितळाच्या समितीवर जातात. तिथे नव्या चाचण्यांचे प्रस्ताव येतात, आणि तरुण गणिती मंडळी त्यांच्यासमोर घाम पुसत बसतात असं ऐकतो.

मी मात्र ते वाक्य छातीवर घेऊनच हिंडत होतो. धाकट्या मुलीला नोकरी लागली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी खात्याला चार ओळींचं पत्र लिहिलं. ते वाक्य बाईंचं नव्हतं, माझं होतं, बाईंनी आधी खरं तेच लिहिलं होतं आणि सुनावणीत मी गप्प बसलो. महिन्याने छापील पोच आली: पत्र मिळाले, नोंद घेतली. त्यापुढे काहीच झालं नाही.

ती पोच घेऊन मी बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ती नीट वाचली आणि माझ्या हातात परत दिली.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढत, "हलकं वाटलं का?"

"नाही," मी म्हटलं.

"नाहीच वाटत," त्या म्हणाल्या, आणि ताईंच्या व्यायामाची वेळ झाली म्हणून त्यांना उठवायला आत गेल्या.